सहकाऱ्याचे लिंगपरिवर्तन : कार्यालयातील वागणूक आणि शिष्टाचार

बीड जिल्हा पोलिस दलातील माजलगाव येथील एका शिपायाने सप्टेंबर २०१७ मध्ये वरिष्ठांकडे रजेचा अर्ज केला. अर्जात दिलेले कारण खात्याला सर्वस्वी नवे होते. महिलांच्या गटातून भरती झालेल्या या कर्मचाऱ्यास लिंगबदल शस्त्रक्रिया करून घ्यायची होती आणि त्यानंतर पुरुष शिपाई म्हणून त्याच खात्यात नोकरी सुरू ठेवायची होती. पोलिस महासंचालक कार्यालयाने ही विनंती अमान्य केली. शिपाईपदासाठी उंचीसारखे शारीरिक निकष पुरुषांना वेगळे आणि महिलांना वेगळे असल्यामुळे एका गटातून भरती झालेल्या व्यक्तीला दुसऱ्या गटात कसे घ्यावे, हा खात्यापुढील पेच होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ही सेवाविषयक बाब असल्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे, असे न्यायालयाने सुचवले. अखेर मे २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली.

ललित साळवे हे नाव महाराष्ट्राला परिचित झाले ते या घटनेमुळे. नव्या नावासाठी त्यांनी जुन्या नावातील शेवटचा काना तेवढा काढून टाकला होता. पुढील शस्त्रक्रियांनंतर ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले, फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ते पिता झाले.

या प्रकरणाची चर्चा प्रामुख्याने नियम, निकष आणि न्यायालय या अंगांनी झाली. मात्र अशा प्रत्येक घटनेला आणखी एक बाजू असते, जिच्यावर कोणतेही न्यायालय निकाल देत नाही. कालपर्यंत ज्या सहकाऱ्याला एका नावाने हाक मारली, त्याला उद्यापासून कोणत्या नावाने हाक मारायची? हजेरीपटावर काय लिहायचे? काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही? पोलिस ठाणे असो, बँकेची शाखा असो, शाळेतील शिक्षकांची खोली असो की माहिती तंत्रज्ञान कंपनीतील एखादा विभाग. तेथील माणसांना या प्रश्नांची उत्तरे दररोज, बोलता बोलता द्यावी लागतात.

संज्ञांविषयी थोडेसे

वृत्तपत्रांतून 'लिंगबदल' हा शब्द सरसकट वापरला जातो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात भिन्न स्थिती सामावलेल्या असतात. काही व्यक्तींच्या शरीररचनेतच जन्मतः स्त्री-पुरुष लक्षणांची सरमिसळ असते. साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले होते आणि त्यांच्यावरील शस्त्रक्रिया ही मूळच्या अविकसित पुरुषी अवयवांची पुनर्रचना होती, असे त्यांच्या डॉक्टरांनी त्या वेळी स्पष्ट केले होते. याउलट बहुसंख्य पारलिंगी व्यक्तींच्या शरीरात असे काही वेगळेपण नसते. जन्माच्या वेळी नोंदवले गेलेले लिंग आणि स्वतःची आतली ओळख यांचा मेळ बसत नाही, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही स्थिती मानसिक विकारांच्या यादीतून वगळली. 'तृतीयपंथी' हा शब्द शासकीय मराठीत रूढ असला, तरी पुरुष म्हणून जगणाऱ्या पारलिंगी व्यक्तीला तो आपला वाटेलच असे नाही. सहकाऱ्याने स्वतःसाठी जो शब्द निवडला असेल तोच वापरावा, आणि निवडला नसेल तर कोणताच वापरू नये. कार्यालयीन कामासाठी त्याची गरज क्वचितच पडते.

'परिवर्तन' या शब्दानेही एक गैरसमज होतो. रजेवर गेलेली व्यक्ती महिनाभराने पूर्ण बदलून परत येते, असे अनेकांना वाटते. संप्रेरकांचे उपचार काही महिने, कधी काही वर्षे चालतात. आवाज, चेहरेपट्टी, केस हळूहळू बदलतात. अनेक जण शस्त्रक्रिया करतही नाहीत. कोणाला ती परवडत नाही, कोणाला प्रकृतीमुळे शक्य नसते, तर कोणाला तिची आवश्यकता वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर दिलेल्या निकालात व्यक्तीची ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असे म्हटले होते. त्यामुळे 'ऑपरेशन झाले का?' या प्रश्नाच्या उत्तरावर सहकाऱ्याला कसे संबोधायचे हे ठरवणे चुकीचे ठरते.

क्रियापदातले लिंग

इंग्रजी बोलणाऱ्या कार्यालयांत या विषयावरील बहुतेक सूचना एका सर्वनामाभोवती फिरतात. मराठीत तेवढ्याने भागत नाही. आपल्या भाषेत क्रियापदही लिंग सांगते, तेही तिन्ही पुरुषांत. 'तो आला' आणि 'ती आली' हा भेद तर आहेच. पण समोरच्याशी बोलताना 'कधी आलास?' की 'कधी आलीस?' हे ठरवावे लागते, आणि बोलणारा स्वतःविषयी 'मी निघतो' म्हणतो की 'मी निघते' यावरूनही त्याचे लिंग कळते. विशेषणेही मागे राहत नाहीत. नवा सहकारी, नवी सहकारी. दिवसभरातील शंभर वाक्यांत शंभरदा ही निवड करावी लागते आणि चुकण्याची संधीही शंभरदा येते.

याच गुंतागुंतीत सोयही दडलेली आहे. पारलिंगी सहकारी स्वतःविषयी बोलताना कोणते क्रियापद वापरतो किंवा वापरते, ते लक्षपूर्वक ऐकले तर निम्मा प्रश्न सुटतो. तिने 'मी फाइल पाहते' म्हटले, की पुढचे वाक्य 'पाहिलीस का?' असे न होता 'पाहशील का?' असे झाले तरी चालते. पण 'तू आज उशिरा आलास' असे मात्र होता कामा नये. (कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी आलो, मी गेलो' असे सहज म्हणतात, हा अपवाद तेथील मंडळींनी ध्यानात ठेवावा.)

दुसरी सोय आदरार्थी बोलण्याची. 'तुम्ही कधी आलात?', 'तुम्ही जेवलात का?', 'आपण उद्या असाल ना?' या वाक्यांत लिंग कोठेच दिसत नाही. 'साळवे यांनी अहवाल दिला', 'साळवे येत आहेत' हीदेखील तशीच वाक्ये. शासकीय पत्रव्यवहारातील मराठी रुक्ष असते अशी तक्रार होते, पण 'संबंधित कर्मचारी यांनी' ही तिची जुनी लकब येथे भलतीच उपयोगी पडते. कोणत्या संबोधनाची इच्छा आहे हे ठाऊक होईपर्यंत अहो-जाहो आणि आडनाव यांचा आधार घेणे सर्वांत सुरक्षित. मात्र ही तात्पुरती सोय आहे. सहकाऱ्याने आपली ओळख स्पष्ट सांगितल्यानंतरही 'आले' किंवा 'आल्या' म्हणणे कटाक्षाने टाळत राहिले, तर ते टाळणे त्याच्या लक्षात येते आणि बोचते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. मराठीत तिसरे लिंगही आहे, नपुंसकलिंग. 'ते मूल', 'ते पोर' हे लहानग्यांबाबत लडिवाळ वाटते. प्रौढ माणसाबद्दल 'ते आलं बघ' असे म्हणणे हा उघड अपमान आहे. आडून बोलतानाही तो अपमानच राहतो.

चूक झाली तर काय करावे? 'सॉरी, आलीस' म्हणून वाक्य पुढे न्यावे. पाच मिनिटे दिलगिरी व्यक्त करत बसले, की समोरच्यालाच समजूत घालावी लागते आणि सगळ्या खोलीचे लक्ष नको त्या ठिकाणी जाते. सवयीने होणारी चूक आणि हट्टाने केलेली चूक यांतला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

नाव बदलणे आपल्याला नवे नाही

नव्या नावाची सवय लागत नाही, ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. वास्तविक महाराष्ट्रातील कार्यालयांना नावे बदलण्याची पुरेपूर सवय आहे. लग्नाची रजा संपवून आलेल्या सहकारी स्त्रीचे आडनाव बदललेले असते, कित्येकदा नवरदेवाने तांदळात नवे नाव लिहिल्यामुळे पहिले नावही बदललेले असते. तिच्या जुन्या नावाची आठवण कोणी रोज काढत नाही. काल 'अरे पाटील' म्हणून ज्याच्या खांद्यावर हात टाकला, तो खातेअंतर्गत परीक्षा देऊन अधिकारी झाला, की दुसऱ्या दिवसापासून 'साहेब' होतो. त्यासाठी कोणाला प्रशिक्षण द्यावे लागत नाही. एका रात्रीत संबोधन बदलण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. ते कोणासाठी वापरायचे आणि कोणासाठी नाही, एवढाच प्रश्न उरतो.

जुने नाव विचारणे, ते इतरांना सांगणे किंवा जुनी छायाचित्रे गटात फिरवणे हे शिष्टाचाराला सोडून आहे. सहलीचा, निरोप समारंभाचा जुना फोटो समोर आला, तरी त्यावर टिप्पणी नको. भूतकाळातील प्रसंग सांगतानाही आजचेच नाव वापरावे. 'त्या वर्षीच्या ऑडिटला ललित होते' असे म्हटल्याने इतिहास बदलत नाही.

विचारपूस आणि चौकशी

आजारी सहकाऱ्याला भेटायला जाणे, फळे नेणे, 'ऑपरेशन कोणी केले, किती खर्च आला, टाके किती पडले' असे विचारणे ही आपल्याकडची आपुलकीची रीत. अपेंडिक्सच्या बाबतीत ती गोड वाटते. येथे मात्र याच प्रश्नांचा अर्थ एखाद्याच्या गुप्तांगांविषयी चारचौघांत चौकशी करणे असा होतो, आणि अन्य कोणत्याही सहकाऱ्याला आपण तसे विचारत नाही. प्रकृती कशी आहे, कामाचा काही भाग काही दिवस उचलू का, घरी कोणी सोबतीला आहे का, हे प्रश्न पुरेसे आहेत. उपचारांची माहिती द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. दिली, तर ती कॅन्टीनमध्ये पोहोचू नये.

कौतुकाचेही तसेच. 'अगदी खऱ्या बाईसारखी दिसतेस' हे बोलणाऱ्याला प्रशंसा वाटते. ऐकणाऱ्याला त्यातले 'सारखी' टोचते.

प्रसाधनगृह, हळदीकुंकू आणि बदली

व्यवहारातला सर्वांत अवघड विषय प्रसाधनगृहाचा. महिला कर्मचाऱ्यांना वाटणारी धास्ती चेष्टेवारी नेऊ नये. अनेक कार्यालयांत एकच मोडक्या कडीचे स्वच्छतागृह असते आणि तेथील गैरसोय सर्वांचीच असते. पण त्याचा भार एकट्या पारलिंगी सहकाऱ्यावर टाकून 'तुम्ही खालच्या मजल्यावर जा' म्हणणे हा उपाय नाही. कड्या दुरुस्त करणे, पूर्ण उंचीची दारे बसवणे, एखादे एका व्यक्तीपुरते स्वतंत्र स्वच्छतागृह सर्वांसाठी खुले ठेवणे, हे उपाय फारसे महाग नाहीत. तृतीयपंथीय व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० रोजी लागू झाला, त्यावेळी त्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमण्यास सांगितले. त्याच वर्षीच्या नियमावलीत आस्थापनांनी समान संधीचे धोरण जाहीर करावे, त्यात सर्वांना वापरता येतील अशा स्वच्छतागृहांचा आणि ओळख गुप्त राखण्याचा समावेश असावा, अशी तरतूद करण्यात आली. मुंबईतील 'गोदरेज इंडिया कल्चर लॅब'ने २०१८ मध्येच भारतीय कार्यालयांतील पारलिंगी समावेशनाविषयी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. किती कार्यालयांच्या सूचनाफलकावर असे धोरण लागले, हे ज्याने त्याने आपल्या कार्यालयात पाहावे.

संक्रांतीनंतर कार्यालयात हळदीकुंकू होते, तेव्हा नव्या ओळखीने वावरणाऱ्या सहकारी स्त्रीला बोलवायचे का, यावर बराच खल होतो. इतर सर्वजणींना बोलावले असेल, तर तिलाही बोलवावे; यायचे की नाही ते ती ठरवील. उलट पुरुष म्हणून वावरू लागलेल्या सहकाऱ्याला 'सवय म्हणून' तिळगुळाबरोबर वाण देण्याचा आग्रह नको. त्याला तिळगूळ पुरे.

वरिष्ठ अनेकदा सद्भावनेने बदली सुचवतात. कर्मचाऱ्याने स्वतः मागितली असेल, तर तीत काहीच गैर नाही. जुने नाव ठाऊक नसलेल्या ठिकाणी नवी सुरुवात करणे काहींना हवेसे वाटते. न मागता केलेली बदली मात्र कार्यालयाची सोय असते. तिला सहानुभूतीचे नाव देऊ नये. कार्यालयप्रमुखाने खरोखर करायचे काम लहान आहे. संबंधिताच्या संमतीने, त्याने ठरवलेल्या दिवशी, सहकाऱ्यांना सांगावे, की अमुक तारखेपासून यांचे नाव हे आहे आणि सर्वांनी ते वापरावे. त्यापलीकडचे काही सांगू नये. अशी बातमी प्रमुखाच्या तोंडून दोन वाक्यांत आली, की शिपायापासून लेखापालापर्यंत फिरणाऱ्या दहा आवृत्त्यांची हवा निघते.

तालुक्याच्या गावी

मुंबई-पुण्यात कार्यालयातून बाहेर पडलेला माणूस गर्दीत मिसळून जातो. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी तसे होत नाही. तहसील कार्यालय, पंचायत समिती, पोलिस ठाणे, बाजार समिती येथील माणसे एकमेकांचे सहकारी असतात, तशीच शेजारी, सोयरी आणि एकाच शाळेतील मुलांचे पालक असतात. सकाळी कार्यालयात उमटलेली कुजबूज संध्याकाळी चहाच्या टपरीवर ऐकू येते. अशा ठिकाणी सहकाऱ्याने गप्प राहणे हीच मोठी मदत असते, आणि टपरीवर कोणी टर उडवली तर 'आमच्या मॅडम आहेत त्या' एवढे म्हणणे ही त्याहून मोठी. लहान गावाची जमेची बाजूही आहे. येथे माणूस आधी माणूस म्हणून ओळखीचा असतो. त्याचे काम, त्याचा स्वभाव, त्याची अडीअडचणीतील मदत लोकांनी वर्षानुवर्षे पाहिलेली असते. माजलगाव हेदेखील तालुक्याचेच गाव आहे.

अंतराचा प्रश्न मात्र खरा आहे. साळवे यांना शस्त्रक्रियेसाठी मराठवाड्यातून मुंबई गाठावी लागली. विदर्भाच्या या टोकाहून मुंबई आणखी दूर. तपासण्या आणि फेरतपासण्यांसाठी वारंवार प्रवास करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी रजा मंजूर करणाऱ्या वरिष्ठाची वागणूक शिष्टाचाराच्या साऱ्या सूचनांपेक्षा मोलाची ठरते.

कागद आणि माणसे

नोकरी मिळाली किंवा टिकली, म्हणजे सारे झाले असे नव्हे, हे देशातील काही घटनांवरून दिसते. साळवे यांनी अर्ज केला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, नौदलाने साबी गिरी या खलाशाला सेवामुक्त केले. लिंग बदलल्यामुळे सेवानियमांनुसार त्या पदावर राहता येणार नाही, अशी नौदलाची भूमिका होती. त्याच वर्षी कोची मेट्रोने २३ पारलिंगी व्यक्तींना नोकऱ्या देऊ केल्या आणि त्याचे देशभर स्वागत झाले. पण शहरात कोणी खोली भाड्याने देईना म्हणून त्यांपैकी आठ जणांनी काही दिवसांतच काम सोडले. पश्चिम बंगालमध्ये मानबी बंद्योपाध्याय २०१५ मध्ये कृष्णनगर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा सादर केला, तो काही सहकारी आणि विद्यार्थ्यांच्या असहकाराचे कारण देऊन. त्यांची नेमणूक नियमानुसार होती, पद मोठे होते, पाठीशी शासन होते. असहकार होता तो रोजच्या माणसांचा.

अलीकडील नोंदी थोड्या वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात पोलिस भरतीच्या अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी पर्याय ठेवण्याचा प्रश्न न्यायाधिकरणातून उच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने तशी व्यवस्था करण्याचे मान्य केले. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने भारतीय महसूल सेवेतील अधिकारी एम. अनुकतिर सूर्या यांचे नाव व लिंग शासकीय नोंदींत बदलण्याची विनंती मान्य केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश आणि गुजरातमधील खासगी शाळांत नोकरी गमावलेल्या जेन कौशिक या शिक्षिकेला भरपाई मंजूर केली आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

कार्यालयातील आस्थापना लिपिकाच्या टेबलावर या साऱ्याचे रूपांतर कागदांत होते. नाव बदलल्याची राजपत्रातील सूचना, ओळख प्रमाणपत्र, त्यावरून सेवापुस्तकातील नोंद, मग ओळखपत्र, वेतनपत्रक, बँक खाते, भविष्य निर्वाह निधी आणि वारसांचे नामनिर्देशन. २०१९ च्या कायद्याने ओळख प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवले. राळेगावच्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ यवतमाळचे कार्यालय. यांतील एक नोंद जुनी राहिली तरी पुढे निवृत्तिवेतनाच्या वेळी दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचा आक्षेप निघू शकतो. म्हणून सेवापुस्तकातील जुन्या नावाच्या नोंदीशी नव्या नावाचा दुवा जोडणारा आदेश सोबत लावावा, जुने कागद मोहोरबंद पाकिटात ठेवावेत आणि ते पाकीट कोण उघडू शकेल, हे त्याच्यावरच लिहून ठेवावे.